सॅमनच्या मागे: एक नदी वर, एक नदी खाली

गुरुवार, ॲबर्डीन

विमानतळावरून घरी येतानाच भावोजी म्हणाले, "सॅमन बघायचाय ना? कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटात आहे. दोन तुकडे, कातडीसकट." भावोजी उत्तर समुद्रातल्या तेलाच्या कामावर आहेत. आपली बरीच मंडळी त्याच कामापायी या करड्या दगडांच्या स्कॉटिश शहरात रुजली आहेत. दिवाळी नुकतीच संपली होती, ताईने माझ्या वाटणीच्या चकल्या राखून ठेवल्या होत्या. मला मात्र धबधब्यावर उडी मारणारा जंगली सॅमन बघायचा होता.

बेत असा ठरला: डी नदीच्या मुखापासून निघायचं, तिच्या काठाने वर चढायचं, डोंगर ओलांडायचा आणि टे नदीच्या खोऱ्यातून पर्थला उतरायचं. मोठे मासे अंडी घालायला समुद्रातून नदीत वर चढतात, पिल्लं खाली समुद्राकडे उतरतात, आपणही तसंच करू, असं मी ताईला पटवलं. ती इतक्या चटकन पटली कशी, तर पर्थला तिला खरेदी करायची होती.

डी नदी समुद्राला मिळते ती ॲबर्डीनच्या बंदरातच. तेलाच्या फलाटांना माल पोचवणारी केशरी-निळी जहाजं ज्या तोंडातून ये-जा करतात, त्याच तोंडातून सॅमनही आत शिरतो. दक्षिणेच्या टेकाडावर टॉरी बॅटरी नावाचा जुना तोफखाना आहे. तिथून बंदराचं तोंड पायाखाली दिसतं. इथे डॉल्फिन हमखास येतात आणि ते काही जहाजं बघायला येत नाहीत. नदीकडे वळलेला सॅमन या अरुंद तोंडातून जाणार हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. आम्हाला दोन पाठी दिसल्या, वारा तोंडावर चाबकासारखा बसत होता आणि ताई गाडीत जाऊन बसली होती.

समुद्रातून नुकता आलेला सॅमन चकचकीत रुपेरी असतो. अंगावर समुद्री उवा चिकटलेल्या असतात. गोड्या पाण्यात त्या काही दिवसांतच गळून पडतात, म्हणून गळवाले ताजा मासा उवांवरून ओळखतात. नदीत शिरला की त्याचं खाणं बंद. पुढे विणीपर्यंत तो अंगातल्या चरबीवर जगतो. डी नदी वसंतात चढणाऱ्या माशांसाठी प्रसिद्ध आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये आलेला मासा वीण करतो नोव्हेंबरात. तोवर आठ-नऊ महिने पोटात काही नाही. एकादशीला साबुदाण्याची दोन ताटं उठवणाऱ्या आम्ही हे ऐकून गप्प बसतो.

रात्री ताईने सॅमनचं कालवण केलं, आगळ घालून. मासा अर्थातच शेतीतला. गळाने धरलेला सॅमन विकायला स्कॉटलंडमध्ये २००२पासून बंदी आहे आणि दुकानातला सॅमन पश्चिम किनाऱ्यावरच्या किंवा नॉर्वेतल्या पिंजऱ्यांतून येतो. जंगली माशाचं मांस कोळंबीसारखे जीव खाऊन केशरी होतं, शेतीतल्याला तोच रंग खाद्यातून देतात. चवीबद्दल मी काही बोलत नाही, मला बांगडाच आवडतो.

शुक्रवार, बँकरी

ॲबर्डीनहून अर्ध्या-पाऊण तासावर बँकरी. इथे फ्यूख नावाची उपनदी डीला मिळते. मिळण्याआधी काळ्या खडकांतून ती पायऱ्या पायऱ्यांनी कोसळते. अठराव्या शतकातला दगडी पूल आहे, त्याला लागून पायी जाणाऱ्यांसाठी वेगळा पूल आहे आणि सगळं गाव जणू मासे बघायला इथेच उभं राहतं. एक आजोबा रोज कुत्रा घेऊन येतात. ते म्हणाले की महिन्यापूर्वी यायला हवं होतं, पण काल पाऊस झालाय, थांबा.

आम्ही थांबलो. चकल्या संपल्या. मग पांढऱ्या फेसातून हातभर लांबीचं काहीतरी तपकिरी वर आलं, खडकावर आपटलं आणि परत पाण्यात गेलं. मी "अगं बाई!" एवढं मोठ्याने ओरडले की कुत्रा भुंकला. त्यानंतर बऱ्याच उड्या दिसल्या. एक साधली की तीन-चार फसतात असं ढोबळ प्रमाण.

रुपेरी रंगाचा आता मागमूस नव्हता. विणीला आलेला नर लालसर-तपकिरी, ठिपकेदार होतो आणि त्याचा खालचा जबडा आकड्यासारखा वर वळतो. मादी काळपट पडते. उडीचं गणित असं की धबधब्याखाली खोल डोह हवा. कोसळणारं पाणी डोहात आपटून जिथे उसळी घेतं, तिथून मासा धाव घेतो आणि उसळीचा जोर स्वतःच्या शेपटीच्या जोराला जोडतो. जागा चांगली असेल तर तीन मीटरांहून उंच उडी जमते. डोह उथळ असला तर मीटरभर पायरीही जड जाते. पाणी फार गार असलं तरी जमत नाही. स्नायू आखडतात, म्हणून वसंतात आलेले मासे पाणी थोडं ऊबदार होईपर्यंत अशा धबधब्यांच्या पायथ्याशी खोळंबून राहतात.

चिपळूणकडे पहिल्या पावसात चढणीचे मासे चढतात, तेव्हा लहानपणी आम्ही कंदील घेऊन पऱ्ह्यावर जायचो. अंगात गाभोळी, वर चढायची तीच घाई, तीच आंधळी धडपड. फरक अंतराचा. आमचा मासा नदीतून भातखाचरात जातो. हा ग्रीनलंडकडून आलेला असू शकतो.

उड्यांचे फोटो झाले. ताईने व्हिडिओ काढून घरच्या ग्रुपवर टाकला आणि पाचेक मिनिटांत बावीस अंगठे आले. पण आजोबा निघताना जे बोलले ते मला जास्त लागलं. "हे सगळे बघतात. खरं काम वर, ओढ्यांत चालतं. तिथे कोणी जात नाही."

शनिवार, बॅलटर ते ब्रेमार

बॅलटरला आमचा मुक्काम ज्यांच्याकडे होता ते गृहस्थ गिली होते. गिली म्हणजे नदीच्या एका पट्ट्याची राखण करणारा आणि गळवाल्यांना मासा कुठे बसलाय ते दाखवणारा माणूस. डीवरचा गळाचा हंगाम १५ ऑक्टोबरला संपतो, त्यामुळे ते मोकळे होते. न्याहारीला त्यांनी आमच्या बुटांकडे बघितलं, मान हलवली आणि रबरी बुटांचे दोन जोड आणून ठेवले.

बॅलटरच्या पश्चिमेला गिर्नॉक नावाचा ओढा डीला मिळतो. बघायला काही नाही, आपल्याकडे याला कोणी नावही ठेवलं नसतं. पण सॅमनवर संशोधन करणाऱ्यांना हा ओढा पाठ असतो. इथे १९६६पासून सापळे लावून वर चढणारे मोठे मासे आणि खाली उतरणारी पिल्लं मोजली जातात. एकाच ओढ्याचा इतक्या वर्षांचा जमाखर्च फार थोड्या ठिकाणी आहे. त्या वहीत चढणाऱ्या माद्यांची संख्या पूर्वीच्या मानाने खूप घसरलेली दिसते.

गिलीकाकांनी (मी मनातल्या मनात त्यांना काकाच म्हणत होते) आम्हाला काठावरून एक जागा दाखवली. तळाचे गोटे शेवाळाने काळसर झालेले, पण मध्येच एक लांबट पट्टा उजळ, नुकता घासल्यासारखा. "रेड," ते म्हणाले, "सॅमनचं घरटं. पाण्यात पाय घालू नका."

मादी कुशीवर होऊन शेपटी आपटते. पाण्याच्या ओढीने खडी उचलली जाते आणि खड्डा पडतो. त्यात ती अंडी सोडते, शेजारी थरथरत उभा असलेला नर त्याच क्षणी वीर्य सोडतो. लगेच मादी थोडी वर सरकून पुढचा खड्डा खणते आणि त्यातून निघालेली खडी आधीच्या अंड्यांवर येऊन बसते. खणणं आणि झाकणं एकाच कामात होतं. दर किलो वजनामागे हजार-दीड हजार अंडी, म्हणजे पाच किलोची मादी पाच ते सात हजार घालते. केशरी, पाच-सहा मिलिमीटरची अंडी वीतभर खडीखाली हिवाळा काढतात. खडीतून पाणी झिरपत राहिलं तर प्राणवायू मिळतो. वरून माती धुपून आली आणि फटी बुजल्या तर अंडी गुदमरतात.

अंडं कधी फुटणार हे तापमानावर ठरतं. रोजच्या पाण्याचे अंश बेरजेत धरत गेलं की साधारण साडेचारशेला फुटतं. चार अंशांच्या पाण्यात जवळपास पावणेचार महिने. मार्च-एप्रिलमध्ये बाहेर पडलेल्या पिल्लाच्या पोटाला बलकाची पिशवी लटकत असते. ती संपेपर्यंत काही आठवडे ते खडीतच राहतं आणि पहिला खरा घास घ्यायला वर येतं ते एप्रिल-मेमध्ये. सगळ्यात जास्त मरण तेव्हाचं. प्रत्येकाला आपला हात-दोन हात ओढा हवा असतो आणि तेवढा ओढा नसतो.

जे तगतात त्यांना पार म्हणतात. बोटभर मासा, कुशीवर बोटांचे ठसे उमटावेत तसे आठ-दहा निळसर पट्टे, मध्ये लाल ठिपके. या ओढ्यांत तो दोन-तीन वर्षं काढतो. वरून येणारे किडे खातो आणि आपली जागा राखतो. हा पार म्हणजे वेगळ्याच जातीचा मासा, असं शेकडो वर्षं मानत. १८३०च्या दशकात ड्रमलॅनरिगच्या जॉन शॉ नावाच्या शिकार-रक्षकाने तळी खणली, पार पाळले आणि ते रुपेरी होऊन सॅमनची पिल्लं निघतात हे दाखवलं. विद्वानांची समजूत एका नोकरदार माणसाने तळ्यात बुडवली, ही गोष्ट काका फार चवीने सांगत होते.

शॉने आणखी एक भानगड उघड केली. काही नर पार ओढ्यातच वयात येतात. मोठा नर, आठ-दहा पौंडांचा, वाकडा जबडा घेऊन इतर नरांशी मारामाऱ्या करत असतो. तेवढ्यात हा बोटभर पठ्ठ्या खड्ड्यात घुसतो, मोठ्या मादीच्या अंड्यांवर वीर्य सोडतो आणि सटकतो. ग्रीनलंड नाही, धबधबा नाही, उडी नाही, तरी बाप झाला. भावोजी सोबत असते तर म्हणाले असते, "वर्क फ्रॉम होम!"

याच नद्यांच्या तळाशी मोत्यांचे शिंपले असतात, शंभर वर्षांहून जास्त जगणारे. शिंपल्याची डोळ्यांना दिसणारही नाहीत एवढी पिल्लं पहिला हिवाळा सॅमनच्या किंवा ट्राउटच्या पिल्लांच्या कल्ल्यांना चिकटून काढतात, मग सुटून वाळूत शिरतात. पिल्लं घटली की शिंपल्यांचा वंशही अडतो, आणि म्हातारे शिंपले नुसते जगत राहतात.

मी विचारलं, ओढ्यासाठी काही करता येतं का? काकांनी उघड्या टेकड्यांकडे हात केला. हरणं आणि मेंढ्या रोपं वर येऊ देत नाहीत, काठावर सावली नाही, उन्हाळ्यात पाणी तापतं. २३ अंशांच्या वर पाणी गेलं की पार खाणं सोडतो, त्याच्या जिवावर बेततं. म्हणून डीच्या वरच्या खोऱ्यात दहा लाख देशी झाडं लावायचं काम चालू आहे. बर्च, विलो, रोवन. मासा वाचवायला झाड लावायचं हे मला उड्यांच्या व्हिडिओपेक्षा जास्त पटलं, पण ग्रुपवर रोपट्याच्या फोटोला दोनच अंगठे आले.

पुढे ब्रेमार आणि लिन ऑफ डी. अख्खी नदी इथे एवढ्या चिंचोळ्या घळीतून जाते की उडी मारून ओलांडावीशी वाटते. मारू नये. सव्वाचारला अंधार पडला आणि मासा दिसला नाही.

रविवार, पिटलॉख्री

ग्लेनशीचा घाट ओलांडला की पाणी टेच्या खोऱ्यात वाहायला लागतं. रविवारी स्कॉटलंडमध्ये सॅमनसाठी गळ टाकायला कायद्याने मनाई आहे. आठवड्यातून एक दिवस मासाही सुखात.

पिटलॉख्रीला टमल नदीवर धरण आहे, १९५१मध्ये पूर्ण झालेलं. त्याच्या कडेने माशांसाठी जिना बांधला आहे. ३१० मीटर लांब, एकाला एक जोडलेली ३४ कुंडं. मी उड्यांच्या आशेने कठड्याला टेकले. पण ही कुंडं पाण्याखालच्या नळ्यांनी जोडली आहेत. मासा एका कुंडातून दुसऱ्यात पोहत जातो, मधल्या मोठ्या कुंडांत दम खातो आणि वरच्या फॅस्कली तलावात निघतो. वरून बघणाऱ्याला फक्त खळखळणारं पाणी दिसतं. बरोबरच्या पर्यटकांचा हिरमोड झाला. मला तो जिना आवडला: इंजिनिअरांनी माशाचं म्हणणं ऐकून घेतल्यासारखा.

वर जाणाऱ्याची सोय झाली, खाली येणाऱ्याचं काय? वसंतात पार बदलू लागतो. पट्टे झाकले जातात, खवल्यांत ग्वानीन नावाचा चकाकणारा पदार्थ साठून अंग रुपेरी होतं, शरीर सडपातळ होतं. आतला बदल त्याहून मोठा. गोड्या पाण्यात मासा क्षार राखून ठेवतो आणि जास्तीचं पाणी बाहेर टाकतो. समुद्रात त्याला उलट करावं लागतं, पाणी प्यायचं आणि कल्ल्यांतून मीठ बाहेर टाकायचं. कल्ल्यांतल्या पेशी निघण्याआधीच त्या कामाला तयार होतात. प्रवाहाला तोंड देऊन जागा राखणारा भांडखोर मासा आता थव्याने प्रवाहासोबत सरकू लागतो. याला स्मोल्ट म्हणतात. जेमतेम १२-१४ सेंटिमीटरचा. याच दिवसांत आपल्या नदीचा वास त्याच्या मेंदूत कायमचा बसतो. परतताना भर समुद्रात पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आधार असतो आणि किनारा आला की हा वास. वाहत्या नदीत प्रवाहच त्याला पुढे नेतो, पण धरणामागच्या साचलेल्या पाण्यात वाट सापडायला वेळ लागतो आणि पाइक मासे तेवढीच वाट बघत असतात.

समुद्रात हे जातात कुठे, हे फार उशिरा कळलं. १९५५मध्ये स्कॉटलंडच्या उत्तरेतल्या ब्लॅकवॉटर नदीत खूण लावून सोडलेला एक मासा १९५६मध्ये ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर सापडला. मग तिथे जहाजांनी जाळी टाकायला सुरुवात केली. पुढे आंतरराष्ट्रीय करार करून ती मासेमारी आवरावी लागली. त्या कराराची संस्था, नॅस्को, एडिंबरोत आहे. एक हिवाळा समुद्रात काढून परतणाऱ्याला ग्रिल्स म्हणतात, दोन-तीन किलोंचा. त्याची मजल बहुधा नॉर्वेजियन समुद्र आणि फॅरो बेटांपर्यंत. ग्रीनलंडपर्यंत जाणारे दोन किंवा जास्त हिवाळे राहून मोठे होऊन येतात.

येतात म्हणजे, जे येतात ते. १९६०-७०च्या सुमारास स्कॉटलंडमधून गेलेल्या शंभर स्मोल्टपैकी वीस-पंचवीस परतत. आता पाचही नाहीत. गळाला लागलेल्या जवळजवळ सगळ्या माशांना आता परत सोडलं जातं, तरी आकडे खालीच जात आहेत. डिसेंबर २०२३मध्ये आययूसीएन या निसर्ग-संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने जगभरातल्या अटलांटिक सॅमनला संकटाच्या उंबरठ्यावरच्या यादीत टाकलं आणि ग्रेट ब्रिटनमधल्याला थेट धोक्यातल्या. समुद्र तापतोय, खाद्य सरकतंय, पश्चिमेकडे पिंजऱ्यांतल्या उवा कोवळ्या स्मोल्टना लागतात. एकच गुन्हेगार नाही, हीच अडचण.

सोमवार, डंकेल्ड ते पर्थ

डंकेल्डजवळ हर्मिटेज म्हणून सुंदर रान आहे, आभाळाला टेकलेले डग्लस फर आणि ब्रान नदीचा धबधबा. इथेही सॅमन उड्या मारतात, आणि वर पोचत नाहीत. धबधबा त्यांच्या आवाक्याबाहेरचा आहे. लोक टाळ्या वाजवत होते. मी फार वेळ थांबले नाही.

टे नदीवरच्या केपथच्या पुलावर मात्र मुद्दाम उतरले. ७ ऑक्टोबर १९२२च्या संध्याकाळी इथल्या पाण्यात जॉर्जिना बॅलंटाइन वडिलांबरोबर होडीत होत्या. वडील गिली. गळाला लागलेल्या माशाने दोन तास झुंजवलं, अंधार पडला, आणि निघाला ६४ पौंडांचा, म्हणजे २९ किलोंचा सॅमन. ब्रिटनमधला गळाचा विक्रम आजही त्यांचाच. मासा पर्थच्या मॅलॉक यांच्या गळ-दोऱ्यांच्या दुकानाच्या काचेत मांडला, तेव्हा गर्दीतली दोन म्हातारी माणसं ठामपणे म्हणाली की बाईमाणसाने असा मासा काढणं शक्यच नाही. जॉर्जिनाबाई मागेच उभ्या होत्या. नंतर तो मासा पर्थच्या रुग्णालयात रुग्णांना आणि कर्मचाऱ्यांना खाऊ घातला.

पर्थच्या अलीकडे स्टॉर्मंटफील्ड. इथे १८५३मध्ये टेच्या काठी तळी बांधून सॅमनची अंडी उबवली. एकाच पिढीतली निम्मी पिल्लं वर्षाने रुपेरी होऊन निघाली आणि निम्मी आणखी वर्षभर थांबली. लोकांचा विश्वास बसेना. आज आपल्याला कळतं की हीच त्या माशाची हुशारी. एकाच आईची मुलं वेगवेगळ्या वर्षी समुद्रात जातात आणि वेगवेगळ्या वर्षी परततात, एखादं वर्ष वाईट गेलं तरी सगळी बुडत नाहीत. मग १९०५मध्ये त्याच दुकानवाल्या पी. डी. मॅलॉक यांच्या देखरेखीखाली टेमधल्या साडेपाच हजार स्मोल्टना चांदीच्या तारेची खूण केली. त्यातले काही पुढच्या वर्षी ग्रिल्स होऊन सापडले, काही दोन-तीन वर्षांनी मोठे होऊन.

वीण झाल्यावर बहुतेक मासे मरतात. पॅसिफिकमधले जवळजवळ सगळे मरतात, अटलांटिकमधले थोडे, बहुधा माद्या, हाडकलेल्या अवस्थेत खाली वाहत येऊन पुन्हा समुद्र गाठतात. त्यांना केल्ट म्हणतात. दुसऱ्यांदा वीण करणारे शंभरात पाचेक. ग्रीनलंडला सापडलेला तो खूणवाला मासा केल्टच होता.

जाणार असाल तर फ्यूखच्या पुलासाठी सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर धरा, पाऊस पडून गेल्यावरचा दिवस बघा आणि पाण्यावरची चमक कापणारा चष्मा न्या. वरच्या ओढ्यांतली वीण ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर. काठावरूनच बघा, बरोबर कुत्रा असेल तर त्याला दोरीला बांधा. पिटलॉख्रीचा जिना उन्हाळ्यात जास्त गजबजलेला असतो. स्मोल्टसाठी एप्रिल-मे, पण ते बहुतेक रात्री उतरतात, त्यामुळे दिसतीलच याची खात्री कोणी देणार नाही.